मृगविच्छेदन

मृगविच्छेदन : शिकार केलेल्या हरणाच्या शरीरातील कोठा, आतडी इ. अंतस्त्ये मारल्या जागीच काढून टाकणे, शरीर निववणे व ते वाहून नेण्याजोगे करणे या क्रियांना एकत्रितपणे मृगविच्छेदन म्हणतात. बोलीभाषेत यालाच जनावर फाडणे, सोलणे किंवा साफ करणे असे म्हणतात. कातडे सोलणे, सांधे मोकळे करून तुकडे पाडणे व मांसाची वाटणी करणे या त्यापुढील क्रियाही व्यापक अर्थाने यातच मोडतात. भारतात हरणांच्या शिकारीस कायद्याने बंदी असल्यामुळे या क्रियेला येथे आता वैध स्थान उरलेले नाही. तथापि प्राचीन वसाहतींत सापडणाऱ्या हाडांचा अर्थ लावण्यासाठी तिचे ज्ञान आवश्यक ठरते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले इनामगाव हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शिकारी रानात काय टाकतो व घरी काय आणतो, यावर गावाच्या मातीत कोणती हाडे राहणार हे अवलंबून असते. गावात मिळालेली हाडे मोजून तेथील लोक शिकारीवर कितपत जगत होते हे ठरविताना रानात राहिलेला भाग दुर्लक्षिला, तर निष्कर्ष चुकण्याचा संभव असतो.

हरणांचे दोन गट : मराठीत ‘हरिण’ हा शब्द दोन भिन्न कुलांतील प्राण्यांना लावला जातो. चितळ, सांबर व भेकर हे मृगकुलातील प्राणी होत. यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असून ती ठराविक काळाने गळून पडतात व पुन्हा येतात. चितळ व सांबर यांच्या शिंगांना फाटे असतात. काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे गोकुलातील, म्हणजे गाय, शेळी व मेंढी यांच्या कुलातील, प्राणी आहेत. यांच्या शिंगांत हाडाचा गाभा व त्यावर शृंगद्रव्याचे आवरण असते आणि ती आयुष्यभर टिकतात. दोन्ही गटांतील प्राणी रवंथ करणारे असून त्यांचे जठर चार कप्प्यांचे असते. मृगकुलातील प्राण्यांना पित्ताशय नसते. गोकुलातील बहुतेक प्राण्यांना ते असते. त्यामुळे चितळाचे यकृत काढताना जी दक्षता लागत नाही, ती काळविटाचे यकृत काढताना घ्यावी लागते. कारण पित्ताशय फुटल्यास सांडलेल्या पित्ताने मांस कडू होते.

हा भेद पुरातत्त्वज्ञासही उपयोगी पडतो. सांबर किंवा चितळ यांचे गळून पडलेले शिंग रानातून उचलून आणता येते. म्हणून केवळ शिंगाच्या तुकड्यावरून शिकार सिद्ध होत नाही. शिंगाच्या बुडाशी कवटीचा भाग जोडलेला असेल, तरच ते मेलेल्या प्राण्याचे आहे असे म्हणता येते. याउलट काळविटाच्या शिंगाचा हाडाचा गाभा आढळल्यास त्या प्राण्याच्या मृत्यूविषयी शंका राहत नाही.

त्वरेची कारणे : जिवंत हरणाच्या शरीराचे तापमान सु. ३८° ते ३९° से. असते. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबल्याने शरीरातील उष्णता बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. केसाळ कातडे व भरलेले पोट ही उष्णता आत कोंडून ठेवतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या जठरकप्प्यात (कोठ्यात) चाऱ्याचे किण्वन करणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. प्राणी मेला तरी त्यांचे कार्य थांबत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड व मिथेन हे वायू साठून पोट फुगते, आतड्यांच्या भिंती सैल पडू लागतात आणि त्यांतील सूक्ष्मजंतू आजूबाजूच्या मांसात शिरतात. अनुकूल तापमानात काही सूक्ष्मजंतूंची संख्या २० ते ३० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४०° से.पर्यंत जाते, हे लक्षात घेतल्यास पोट उघडण्यास केलेला काही तासांचा विलंबही मांस वाया जाण्यास कसा पुरेसा होतो हे समजते.

स्नायूंतही याच वेळी रासायनिक बदल घडत असतात. स्नायूंतील ग्लायकोजेनाचे लॅक्टिक अम्लात रूपांतर होऊन मांसाचे पीएच मूल्य सु. ७ वरून ५·५ च्या आसपास उतरते. ही सौम्य अम्लता सूक्ष्मजंतूंच्या वाढीस काहीसा आळा घालते. मरणोत्तर ताठरपणा काही तासांत येतो व पुढे हळूहळू ओसरतो. दीर्घकाळ पाठलाग करून दमविलेल्या किंवा जखमी होऊन बराच वेळ धावलेल्या प्राण्याच्या स्नायूंतील ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. अशा प्राण्याच्या मांसात पुरेशी अम्लता निर्माण होत नाही. ते काळपट व चिकट दिसते आणि लवकर खराब होते. शिकारीची पद्धत आणि मांसाचा टिकाऊपणा यांचा असा प्रत्यक्ष संबंध आहे. फाशात जिवंत सापडलेल्या जनावराचा गळा कापून रक्त वाहू देता येते. मेलेल्या जनावराचे हृदय थांबलेले असल्याने गळा कापूनही फारसे रक्त बाहेर पडत नाही.

विच्छेदनाचा क्रम : हत्यारे व रूढी यांनुसार तपशिलात फरक आढळत असला, तरी मूळ क्रम जगभर जवळजवळ सारखाच आहे, कारण तो प्राण्याच्या शरीररचनेनेच ठरविलेला आहे.

प्रथम जनावर सावलीत, शक्यतो किंचित उतारावर, उताणे ठेवतात. गुदद्वाराभोवती गोलाकार छेद घेऊन आतड्याचे टोक मोकळे करतात व ते दोरीने किंवा वेलीने बांधतात, म्हणजे आतील मळ मांसास लागत नाही. त्यानंतर छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी कातडे उचलून लहानसा छेद घेतात. या छेदात दोन बोटे घालून कातडे व पोटाचा पातळ स्नायुपडदा वर उचलून धरतात आणि दोन बोटांच्या मधून, धार वरच्या बाजूस ठेवून, जांघेपर्यंत पोट चिरत नेतात. धार वर ठेवण्याचा हेतू कोठा किंवा आतडे फुटू नये हा असतो. या एका गोष्टीवर पुढील सर्व कामाची स्वच्छता अवलंबून असते.

पोट उघडल्यावर छाती व पोट यांमधील मध्यपटल बरगड्यांच्या कडेने कापतात. हात आत घालून श्वासनलिका व अन्ननलिका शक्य तितक्या वर तोडतात; कोठ्यातील पातळ चारा उलटून येऊ नये म्हणून अन्ननलिकेस गाठ मारतात. नंतर जनावर कुशीवर वळवून हृदय, फुप्फुसे, कोठा व आतडी एकाच ओढीत बाहेर काढतात. मूत्राशय न पिळता, त्याचे तोंड चिमटीत धरून वेगळे करतात. पोकळीत साठलेले रक्त जनावर उभे धरून निथळू देतात आणि आतील भाग कोरड्या गवताने किंवा फडक्याने पुसून घेतात. अस्वच्छ पाण्याने धुतल्यास सूक्ष्मजंतू पसरतात, म्हणून नदी जवळ असली तरी तेथील पाणी टाळणे इष्ट असते. पोकळी उघडी राहावी म्हणून बरगड्यांमध्ये काटकी अडकवून जनावर मागील पायांनी झाडास टांगतात. वारा लागून ते लवकर निवते.

यकृत, हृदय व मूत्रपिंडे हे भाग लवकर नासत असल्याने ते प्रथम खाल्ले जातात. तत्पूर्वी त्यांचे निरीक्षण करणे महत्त्वाचे असते. यकृतावर पांढरट ठिपके, कठीण गाठी किंवा पर्णकृमी आढळल्यास, फुप्फुसांवर पूयुक्त गाठी असल्यास अथवा आतील भागास अनैसर्गिक दुर्गंधी येत असल्यास ते मांस खाण्यास अयोग्य मानतात. सांसर्गिक काळपुळी, ब्रुसेलोसिस यांसारखे रोग आजारी प्राण्याच्या रक्तामांसातून हाताळणाऱ्यास होऊ शकतात. उत्तर अमेरिकेत १९६७ साली प्रथम नोंदल्या गेलेल्या हरणांच्या क्षयकारी मेंदूरोगामुळे तेथे मेंदू व पाठीचा कणा यांना सुरी लावू नये, असा सल्ला शिकाऱ्यांस दिला जातो.

सांधे मोकळे करणे व वाटणी : पोट साफ केल्यानंतर जनावराचे वजन पुष्कळ कमी होते. कोठ्यातील चारा व पाणी यांचेच वजन शरीराच्या सु. दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहून अधिक असू शकते. कातडे, डोके व पायांचे खालचे भाग काढल्यावर मूळ वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग हाडांसह मांस म्हणून उरतो. पूर्ण वाढलेल्या काळविटाचे वजन साधारणतः ३५-४० किग्रॅ. असते, म्हणजे त्यापासून हाडांसह २० किग्रॅ.च्या आसपास मांस मिळते. सांबराच्या मोठ्या नराचे वजन २०० किग्रॅ.हून अधिक भरते.

कातडे सोलताना घोट्याभोवती व पायांच्या आतील बाजूने छेद घेतात. पुढचा पाय धडाशी हाडाच्या सांध्याने जोडलेला नसून केवळ स्नायूंनी बांधलेला असतो. म्हणून फरा (खांद्याचे रुंद हाड) धडापासून सोडविणे सोपे जाते. मागील पाय खुब्याच्या खोल सांध्यात बसलेला असल्याने तेथील बळकट बंध कापावे लागतात. सांध्यांच्या जागा अचूक माहीत असणारा मनुष्य लहानशा पात्यानेही संपूर्ण जनावर सुटे करू शकतो. ती माहीत नसणारा कुऱ्हाडीने हाडे तोडतो. या दोन पद्धतींच्या खुणा हाडांवर वेगवेगळ्या उमटतात.

काळविटाएवढे जनावर काठीला बांधून दोन माणसे सगळेच्या सगळे घरी आणू शकतात. सांबर मात्र जागीच सुटे करावे लागते. अशा वेळी जड पण कमी मांसाचे भाग रानात टाकले जातात. मांसल मांड्या, फरे व पाठीचे मांस घरी येते. कित्येकदा कातड्याचीच झोळी करून तीत मांस भरले जाते आणि ओढण्यासाठी धरण्यास सोयीचे म्हणून खूर कातड्यासच ठेवले जातात. डेक्स्टर पर्किन्स व पॅट्रिशिया डेली यांनी तुर्कस्तानातील सुबेर्दे या नवाश्मयुगीन वसाहतीतील हाडांचा अभ्यास करून १९६८ साली हा मुद्दा पुढे मांडला. तेथे रानटी गुरांच्या पावलांची हाडे विपुल, तर पायांची वरची हाडे थोडी होती. याचा उलगडा त्यांनी वरील प्रकारे केला आणि या घटनेस जर्मन भाषेतील ‘ओढत नेणे’ या अर्थाच्या शब्दावरून नाव दिले. पुढे लुईस बिन्फर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी अलास्कातील नुनामिउट शिकाऱ्यांबरोबर राहून कोणते भाग टाकले जातात व कोणते नेले जातात याच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्यांचा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला.

हाडांवरील खुणा : विच्छेदनाच्या खुणा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. सोलताना पडणारे बारीक काप कवटीवर, जबड्यावर व घोट्याजवळच्या हाडांवर आढळतात, कारण तेथे कातडे हाडाला चिकटलेले असते. सांधे सोडविताना पडणारे काप हाडांच्या टोकांशी, तर मांस काढताना पडणारे काप हाडांच्या मधल्या भागावर असतात. दगडी पात्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली अरुंद, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या छेदाचा दिसतो व त्यात लांबीला समांतर बारीक रेषा असतात. कुत्रा, तरस किंवा लांडगा यांच्या दातांची खूण तळाशी गोलसर असते. वनस्पतींच्या मुळांनी पडलेल्या वेड्यावाकड्या खाचा व गुरांच्या पायांखाली तुडविले गेल्याने पडलेले ओरखडे यांपासूनही हे काप वेगळे ओळखावे लागतात. ताजे हाड मगजासाठी फोडल्यास त्याचा भंग मळसूत्रासारखा तिरपा होतो. वाळलेले हाड आडवे व खडबडीत तुटते. विस्तवावर भाजलेल्या मांसातील हाडांची उघडी टोके काळी पडतात, तर मांसाने झाकलेला भाग तसाच राहतो.

इनामगावचा पुरावा : इनामगाव हे पुण्याच्या पूर्वेस सु. ९० किमी. अंतरावर घोड नदीच्या उजव्या तीरावर वसले आहे. घोड ही भीमेची उपनदी असून तिच्याच काठी शिरूर, तर भीमेकाठी दौंड ही तालुक्यांची गावे आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेत येणारा हा प्रदेश कमी पावसाचा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख धीरजलाल सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी व मधुकर केशव ढवळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे विस्तृत उत्खनन केले. त्याचा सविस्तर वृत्तांत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. माळवा (इ. स. पू. सु. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे (इ. स. पू. सु. १४०० ते १०००) व उत्तर जोर्वे (इ. स. पू. सु. १००० ते ७००) असे वसाहतीचे तीन कालखंड निश्चित करण्यात आले. उत्खननात १३० हून अधिक घरांचे व २५० हून अधिक दफनांचे अवशेष मिळाले. सातू हे येथील मुख्य पीक होते. पूर्व जोर्वे काळात पुराच्या पाण्यासाठी बांध व कालवाही बांधलेला होता.

येथील लोक शेतकरी व पशुपालक होते, केवळ शिकारी नव्हते. हाडांत गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा इ. पाळीव प्राण्यांच्या हाडांचा भरणा मोठा आहे. त्यांच्या बरोबरीने काळवीट, चितळ व सांबर यांची हाडे मिळाली आहेत. हे तीन प्राणी तीन वेगळ्या परिसरांचे निदर्शक होत. काळवीट उघड्या गवताळ माळावर राहतो. चितळास पाणी व विरळ झाडी लागते. सांबर दाट झाडीचा आश्रय घेतो. आज शिरूर-दौंड भागात सांबर व चितळ यांना राहण्याजोगे रान उरलेले नाही. त्यामुळे त्यांची हाडे ही एकतर नदीकाठच्या नष्ट झालेल्या झाडीची किंवा शिकाऱ्यांनी केलेल्या दूरच्या प्रवासाची साक्ष ठरतात.

विच्छेदनाची हत्यारे म्हणून इनामगावच्या रहिवाशांजवळ प्रामुख्याने कॅल्सेडोनी या गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती होती. तांबे त्यांना माहीत होते, परंतु ते दुर्मिळ होते. कॅल्सेडोनीचे ताजे पाते अत्यंत धारदार असते व कातडे, स्नायू आणि बंध सहज कापते. मात्र त्याची धार लवकर बोथट होते. पाती करण्यास सोपी असल्यामुळे बोथट झालेले पाते टाकून दुसरे घेणे परवडत असे. अशा हत्याराने हाड तोडता येत नाही, सांधाच सोडवावा लागतो. म्हणून या काळातील हाडांवर कुऱ्हाडीच्या घावांपेक्षा सांध्यांजवळील बारीक काप अपेक्षित असतात.

हाडांचा उपयोग केवळ अन्नापुरता नव्हता. दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमा यांच्या संगमाजवळील वाळकी येथे जोर्वे संस्कृतीची एक लहान शेतवस्ती उजेडात आली असून तेथे गुराच्या हाडापासून केलेला नांगराचा फाळ मिळाला आहे. हाडाचा असा उपयोग होत असेल, तर ते मोडतोडीच्या ढिगात पडत नाही. हाडे मोजताना हेही ध्यानात घ्यावे लागते.

अर्थ लावण्यातील अडचणी : उत्तर जोर्वे काळात प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व शेतीची पीछेहाट झाली. ढवळीकर यांच्या मते इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे झाले. त्यामुळे लोक मेंढपाळी व शिकार यांवर अधिक अवलंबून राहू लागले आणि त्यांचे जीवन अर्धभटके बनले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी जोर्वेकालीन बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर जोर्वे काळातील इनामगावच्या मुलांत वाढ खुंटल्याची लक्षणे दाखवून दिली. मात्र हवामानबदल हेच त्याचे कारण मानण्याविषयी त्यांनी शंका उपस्थित केली आहे. अशा स्थितीत रानटी प्राण्यांच्या हाडांचा पुरावा निर्णायक ठरेल अशी अपेक्षा साहजिकच केली जाते. परंतु पुढील चार गोष्टींचा विचार केल्याशिवाय त्यावर भार टाकता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे प्राण्याचा आकार. काळवीट सबंध घरी येत असल्याने त्याची सर्व हाडे गावात पडतात. सांबराची थोडीच पडतात. हाडांच्या निव्वळ संख्येवरून काळविटाची शिकार जास्त व सांबराची कमी झाल्याचे दिसेल. प्रत्यक्षात एका सांबरापासून पाच काळविटांइतके मांस मिळालेले असू शकते. म्हणून हाडांच्या संख्येबरोबर प्राण्यांची किमान संख्या व शरीराचे कोणते भाग उपस्थित आहेत, याचीही नोंद करतात.

दुसरी गोष्ट अंतराची. गावाजवळ शिकार मिळत असेल, तर हाडांसह मांस आणले जाते. दूर जावे लागले, तर मांस हाडांपासून काढून, कित्येकदा पट्ट्या वाळवून, आणले जाते. झाडी मागे हटली व शिकार दूर गेली, तर शिकार वाढूनही गावातील हाडे कमी होऊ शकतात. म्हणजे हाडांची घट ही शिकारीची घट असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट कुत्र्यांची. गावात कुत्री असल्यामुळे मऊ टोकांची हाडे व लहान प्राण्यांची हाडे चघळून नष्ट होतात. शेळी, मेंढी व काळवीट यांची हाडे आकाराने व घडणीने परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात, की तुटक्या तुकड्यांवरून पाळीव व रानटी असा निवाडा करणे पुष्कळदा अशक्य होते.

चौथी गोष्ट सर्वांत मूलभूत आहे. विच्छेदनातील ज्या क्रियेवर मांसाचे खाण्याजोगेपण अवलंबून असते, त्या क्रियेचा, म्हणजे पोट साफ करण्याचा, गावात कसलाही अवशेष राहत नाही. कोठा व आतडी रानात पडतात आणि कोल्हे, तरस, लांडगे व गिधाडे ती काही तासांत संपवितात. यकृत व हृदय यांना हाड नसते. दुष्काळात हेच भाग काटकसरीने खाल्ले जाण्याचा संभव अधिक असला, तरी त्याचा थेट पुरावा मिळणे शक्य नसते. दुष्काळाची खूण शोधावयाची ती एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या हाडांत शोधावी लागते. मगज अत्यल्प असलेली खुराजवळील बोटांची हाडेही फोडलेली आढळली, तर तेथील लोक अन्नाच्या टंचाईत होते असे अनुमान करण्यास काही आधार मिळतो. मांड्यांच्या नळ्या फोडलेल्या असणे ही मात्र सुबत्तेतही आढळणारी सामान्य गोष्ट आहे. तात्पर्य, हाडे किती आहेत यापेक्षा ती शरीराच्या कोणत्या भागाची आहेत व त्यांचे काय केले गेले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

वाङ्मयातील उल्लेख : कौटिलीय अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत मांसविक्रीचे नियम दिले आहेत. ताज्या मारलेल्या प्राण्याचेच मांस विकावे, ते हाडाशिवाय असावे, हाड असल्यास त्याची भरपाई द्यावी, तसेच आपोआप मेलेल्या प्राण्याचे किंवा दुर्गंधीयुक्त मांस विकू नये, असे त्यांचे स्वरूप आहे. अभय दिलेल्या मृगांस मारणाऱ्यास दंडही सांगितला आहे. दख्खनमधील कल्याणी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मृगयेचे अनेक प्रकार व मांस शिजविण्याच्या कृती वर्णिल्या आहेत. हे उल्लेख राजदरबार व नगर यांच्या दृष्टीने केलेले आहेत. माळावर शिकार करणाऱ्यांचे ज्ञान मात्र मौखिकच राहिले. फासेपारधी समाजातील लोक शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने हरणांजवळ जाऊन फासे लावीत. हरणांच्या सवयी, त्यांचे माग व त्यांची शरीररचना यांचे त्यांचे ज्ञान पिढीजात होते.

सद्यस्थिती : मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम अस्तित्वात आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने शिकार करण्याची सोयही संपुष्टात आली. काळवीट व चिंकारा यांचा समावेश अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केलेला वन्य प्राणी, त्याचे मांस व कातडे ही शासनाची मालमत्ता मानली जातात आणि ती बाळगणे हाही गुन्हा ठरतो. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात सुपे येथे चिंकाऱ्यांसाठी १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र ५·१४ चौ. किमी. आहे. भीमेपलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरी येथे काळविटांचे अभयारण्य १९८० पासून आहे.

विच्छेदनाचे शास्त्रीय ज्ञान आज दोन क्षेत्रांत उपयोगी पडते. पहिले पुरातत्त्वीय प्राणिविज्ञान. डेक्कन कॉलेजमध्ये या विषयाच्या अभ्यासाची परंपरा आहे. दुसरे क्षेत्र न्यायवैद्यकाचे आहे. चोरट्या शिकारीच्या खटल्यांत जप्त केलेले मांस कापलेले, कातडे व शिंगे काढून टाकलेले असते. ते शेळीचे आहे असा बचाव केला जातो. अशा वेळी हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र, डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था यांसारख्या संस्थांत डीएनए परीक्षेने प्राण्याची जाती निश्चित करता येते. हाडावरील कापांवरून हत्यार कोणते होते व जनावर कोठे सुटे केले गेले, याविषयीही काही अनुमान करता येते. इनामगावच्या हाडांबाबत पुरातत्त्वज्ञ जो प्रश्न विचारतात, तोच येथेही विचारला जातो. म्हणजे समोर असलेल्या तुकड्यांवरून, समोर नसलेल्या प्राण्याचे काय झाले हे ठरवावयाचे असते.